निवासी उन्हाळी अभ्यास शिबिर: पाठवावं की नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. 'जागा मर्यादित' हे दोन शब्द वाचून पालक आधी पैसे भरतात आणि विचार नंतर करतात. खालचे प्रश्न साधारण पाचवी ते अकरावीच्या मुलांबद्दलचे आहेत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूल घराबाहेर राहू शकतं का, हा एक प्रश्न. त्याला तो विषय खरोखर हवा आहे का, हा दुसरा. एकाचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसऱ्याचंही धरून चाललं की फसगत होते.

अभ्यास शिबिरं सगळी सारखीच असतात ना?

अजिबात नाही. ढोबळमानाने चार जाती आहेत.

पहिली निवडीची. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. नववीतली मुलं मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रांवर राहतात आणि त्यांच्या प्रवास-निवासाचा खर्च इस्रो करते. निवडीत ग्रामीण शाळांतल्या मुलांना वेगळा भारांक मिळतो, पण नेमकी हीच गोष्ट गावातल्या पालकांपर्यंत पोचत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली विज्ञान ऑलिम्पियाडची शिबिरंही याच जातीतली. तिथे पैसे भरून जागा मिळत नाही, परीक्षांचे टप्पे ओलांडावे लागतात.

दुसरी जात एका विषयात मुरवणाऱ्या शिबिरांची. अमेरिकेतलं 'रॉस' १९५७ पासून आणि बोस्टन विद्यापीठातलं 'प्रॉमिस' १९८९ पासून चालू आहे. दोन्हीकडे सहा आठवडे मुख्यतः संख्यासिद्धांताच्या ('नंबर थिअरी') मुळाशी जाणारं गणित चालतं. 'प्रॉमिस'ची भारतीय आवृत्ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत भरली आहे. तिथे प्रवेशअर्जाबरोबरच गणितं सोडवून पाठवावी लागतात.

तिसरी जात कोचिंग क्लासच्या निवासी वर्गांची: जेईई-नीटचा 'फाउंडेशन', दहावीचा 'अ‍ॅडव्हान्स', रोज चाचणी. चौथीत घोडेस्वारी, नेमबाजी, शेकोटी असते आणि त्यात तासभर अबॅकस किंवा 'वैदिक गणित' घातलेलं असतं. मुलाला दहा दिवस मजा हवी असेल तर चौथी जात झकास. मात्र तिला अभ्यास शिबिर समजून अभ्यास शिबिराचे पैसे मोजू नका.

माहितीपत्रक गुळगुळीत आहे. आतलं कसं कळणार?

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि एका दिवसाचं तासवार वेळापत्रक मागा. तेही तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाचं, कारण पहिला दिवस सगळीकडेच ओळखी आणि उद्घाटनात जातो. वेळापत्रक द्यायला टाळाटाळ झाली तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

हातात आलं की आधी झोप मोजा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. साडेदहाला दिवे बंद आणि साडेपाचला योगासनं असतील, तर सात तासच झाले. चौथ्या दिवसापासून मुलं तासाला पेंगतात, आठवड्याच्या शेवटी सर्दी-ताप सुरू होतो आणि दोष 'बदललेल्या पाण्या'वर जातो.

मग शिकण्याचे तास पाहा. चांगल्या शिबिरात शिक्षक बोलतात ते दिवसाला तीनेक तास, बहुधा दीड-दीड तासांच्या दोन सत्रांत. त्याच्या जवळपास तेवढाच वेळ मुलं स्वतः काही करतात: गणितं सोडवतात, प्रयोग मांडतात, तो फसला की पुन्हा मांडतात. उन्हं उतरल्यावर दीड-दोन तास मैदान. जिथे सकाळी आठ ते रात्री नऊ 'लेक्चर' लिहिलेलं आहे तिथे मूल शाळेचीच आणखी एक टर्म करणार आहे, तीही उन्हात.

शेवटी माणसं मोजा. सोडवण्याच्या सत्रात दहा-बारा मुलांमागे एक मोठा माणूस असेल तर अडलेल्या मुलाकडे कोणाचं तरी लक्ष जातं. चाळीसमागे एक असेल तर आधी हात वर करणारी चार मुलं शिकतात, बाकीची उतरवून घेतात. शिकवणाऱ्यांची नावं आणि ते एरवी काय करतात, हेही विचारा. 'तज्ज्ञ मार्गदर्शक' एवढंच उत्तर पुरेसं नाही.

कितवीपासून पाठवावं?

इयत्तेपेक्षा मुक्काम महत्त्वाचा. पाचवी-सहावीला चार-पाच रात्री, सातवी-आठवीला आठ-दहा, नववीच्या पुढे दोन आठवडे असा चढता क्रम बहुतेकांना मानवतो. आधी एकही रात्र बाहेर न काढलेल्या दहावीच्या मुलाला थेट महिन्याच्या शिबिराला धाडणं हे पोहायला शिकवण्यासाठी विहिरीत ढकलण्यासारखं आहे. काही तरतातही.

घराबाहेर राहू शकेल की नाही, हे कसं ताडायचं?

रंगीत तालीम करा. परीक्षा संपल्यावर आत्याकडे किंवा मामाकडे दोन रात्री ठेवा. आजी-आजोबांचं घर चालणार नाही, तिथे लाड होतात. घर असं हवं जिथे ताटात पडेल ते खावं लागतं. त्या दोन दिवसांत फोन करू नका. नंतर यजमानांना चार गोष्टी विचारा: झोप लागली का, नावडतं जेवण जेवलं का, अंघोळ-कपडे स्वतःहून उरकले का, आणि काही हवं होतं तेव्हा तोंड उघडून मागितलं का.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. शिबिरात पोट दुखतंय हे दादा-ताईंना न सांगणारं मूल दोन दिवस कुढत राहतं आणि मग एकदम आजारी पडतं. रडणारं मूल लक्षात तरी येतं. गप्प मूल पन्नासांत हरवतं.

अंगवळणी पडायला हव्यात अशा बारीकसारीक गोष्टी घरीच घोटून घ्या: भारतीय बैठकीचा संडास, बादलीभर पाण्यात अंघोळ, आतले कपडे रोज धुऊन वाळत घालणं, स्वतःच्या बॅगेतलं सामान शोधणं. बॅग मुलानेच भरावी, तुम्ही फक्त यादी तपासा. आईने भरलेल्या बॅगेत टॉवेल कुठे आहे हे मुलाला शेवटपर्यंत सापडत नाही.

विषयाची आवड खरी की आमची हौस, हे कसं ओळखू?

मार्कांवरून कळत नाही. पुढचा प्रयोग घरी करून पाहा. कागदावर एक चौरस काढा आणि सांगा: 'याचे सहा चौरस कर. आकार सारखे नसले तरी चालतील.' (एक मोठा आणि त्याच्या दोन बाजूंना पाच लहान, असं उत्तर येतं.) जमलं की विचारा, 'सात? आठ? आणि पाच का जमत नाहीत?' वेळ लावू नका, उत्तर सांगू नका आणि तिथून उठून जा.

उत्तर आलं की नाही हे गौण आहे. मूल जेवताना पुन्हा त्याबद्दल बोलतं का, दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर चौरस दिसतात का, हे पाहा. दिसले तर गणिताच्या शिबिरात ते रमेल. 'हे परीक्षेला आहे का?' असा प्रश्न आला तर काही बिघडलं नाही, पण त्या शिबिराचे दिवस त्याला लांब वाटतील. विज्ञानासाठी असाच प्रश्न द्यायचा तर 'माठातलं पाणी किती अंशांनी गार होतं आणि पावसाळ्यात कमी गार का होतं?' हा द्या. थर्मामीटर हाताशी ठेवा. कपाळाला लावायचा नको, साधा प्रयोगशाळेतला आणा.

वर्गात कायम पहिली असते. तिला काय अडचण येणार?

अडचण बहुधा तिलाच येते. निवडीच्या शिबिरात खोलीतलं प्रत्येक मूल आपापल्या वर्गात पहिलं असतं. तिथे दिलेल्या दहा गणितांपैकी तीन सुटणं हा चांगला दिवस समजतात. ज्या मुलीला आजवर दहापैकी दहाच माहीत आहेत, तिला दुसऱ्या दिवशी वाटतं की आपण इथे चुकून आलो. हे तिला आधीच सांगा, आणि सांगताना आकडा वापरा: 'दहातली तीन सुटली तरी पुरे.' 'टेन्शन घेऊ नकोस' याचा उपयोग होत नाही. आणि फोनवर 'किती सुटली?', 'कितवी आलीस?' विचारू नका. 'आज कुठे अडलीस?' हे विचारा.

गणितात कच्चा आहे. शिबिरात सुधारेल का?

नाही. अपूर्णांक आणि बीजगणिताचा पाया घट्ट व्हायला रोजचा अर्धा तास आणि सहा महिने लागतात. दहा दिवसांच्या धबडग्यात कच्चं मूल आणखी मागे पडतं आणि गणिताची धास्ती घेऊन परततं. ते पैसे शिकवणीला द्या आणि सुट्टीत मुलाला खेळू द्या.

मग पुढच्या वर्षी मार्क तरी वाढतात का?

दुसऱ्या जातीच्या शिबिराने लगेच वाढत नाहीत, उलट एखादा महिना शाळेचा अभ्यास मिळमिळीत वाटतो. तिसऱ्या जातीने पहिल्या चाचणीत थोडा फायदा दिसतो, कारण धडे आधी होऊन गेलेले असतात. तो दिवाळीपर्यंत ओसरतो. निकालाची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. '१०० टक्के निवड' असे दावे करायला कोचिंग क्षेत्रासाठीच्या नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे.

मुलगा मराठी माध्यमात आहे. तिथे सगळं इंग्रजीत चालेल का?

राष्ट्रीय पातळीवरच्या शिबिरात बहुतेक इंग्रजी, अधूनमधून हिंदी. महाराष्ट्रातल्या संस्थांत शिकवणं इंग्रजीत आणि शंका मराठीत, असं मिश्रण असतं. मूल सेमी-इंग्रजीत असेल तर फारसा प्रश्न येत नाही.

पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलाला व्याकरण अडत नाही, शब्द अडतात. त्याला मूळ संख्या येतात, 'प्राइम' म्हटलं की तो थबकतो. संवेग म्हणजे 'मोमेंटम', त्वरण म्हणजे 'अ‍ॅक्सलरेशन', विभाज्य म्हणजे 'डिव्हिजिबल', अशा साठ-सत्तर जोड्या वहीत लिहून महिनाभर रोज पाच वाचल्या तरी काम भागतं. बालभारतीचं इंग्रजी माध्यमाचं त्याच इयत्तेचं पुस्तक शेजारी ठेवलं की यादी आपोआप तयार होते. आयोजकांना एकच विचारा: मुलाने मराठीत उत्तर लिहिलं तर तपासणारं कोणी आहे का?

फी ठरवताना काय काय पाहायचं?

छापलेली रक्कम आणि प्रत्यक्षातली रक्कम यांत अंतर असतं. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आत धरला आहे की वर? किट, टी-शर्ट, सहल, अनामत, कपडे धुण्याचे पैसे वेगळे आहेत का? पावती कोणाच्या नावाने मिळते? वैयक्तिक खात्यावर पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून निघा.

परताव्याचे नियम लेखी घ्या. शिबिर सुरू होण्यापूर्वी रद्द केलं तर किती, आजारपणामुळे मध्येच आणलं तर किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोचिंग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे पैसे, होस्टेल-मेससकट, १० दिवसांत परत मिळायला हवेत. त्याच तत्त्वांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असंही म्हटलं आहे, म्हणजे सातवीच्या 'नीट फाउंडेशन'ची जाहिरात दिसली की भुवया उंचावायला हव्यात. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, पण त्यांचा उल्लेख केल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. मेच्या मध्यातल्या परतीचं तिकीट मार्चच्या मध्यात काढावं लागेल. उन्हाळ्यात तत्काळच्या भरवशावर राहू नका.

सुरक्षिततेबद्दल नेमकं काय विचारू?

'सुरक्षित आहे ना?' याला 'हो' सोडून दुसरं उत्तर येत नाही. म्हणून तपशील विचारा.

रात्री मुलांच्या मजल्यावर कोण झोपतं, आणि मुलींकडे महिला आहे का? शिकवणाऱ्या-सांभाळणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? मोठ्या माणसाने मुलाला बंद खोलीत एकट्याने भेटू नये असा नियम आहे का, की प्रश्न ऐकूनच समोरचा गोंधळला? गैरप्रकाराची तक्रार मुलाने कोणाकडे करायची? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे आयोजकाला ठाऊक असायला हवं. मुलाला १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून द्या.

जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी-चालक हजर असतो का? सहलीत धरण, नदी, समुद्र आहे का? असेल तर 'मुलं पाण्यात उतरणार नाहीत' हे लेखी घ्या. पोहता येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही घ्या.

आणि ऊन. सकाळी अकरा ते चार मैदानी खेळ असतील तर विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये ते धोक्याचं आहे. वसतिगृहात पंखे किती, वीज गेली तर काय, पिण्याचं पाणी कुठून येतं? बॅगेत ओआरएसची मोठी पाकिटं द्या आणि मुलाला नीट सांगा: अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. पेल्यात चिमूटभर टाकून प्यायलं तर प्रमाण चुकतं.

दमा, औषधं, अंथरूण ओलं होणं... हे सांगितलं तर प्रवेश नाकारतील का?

एखाद्या ठिकाणी नाकारतील. तसं असेल तर ते ठिकाण तुमच्या मुलासाठी नव्हतंच. लपवलेलं रात्री दोन वाजता उघडं पडतं.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह, वेळा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून वॉर्डनकडे द्या. अपवाद इन्हेलरचा, तो मुलाच्या खिशात हवा. एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा फिटची गोळी 'सुट्टी आहे म्हणून' बंद करू नका. वाचनात अडचण असेल तर शिकवणाऱ्यांना आधीच सांगा, म्हणजे सगळ्यांसमोर फळ्यावरचं वाचायला उभं करणार नाहीत.

अंथरूण ओलं होत असेल तर एकाच विश्वासू माणसाला सांगा, दोन जादा चादरी आणि एक रबरी चादर द्या, आणि खालचा पलंग मागून घ्या. पाळी आली नसली तरी दहा वर्षांपुढच्या मुलीच्या बॅगेत पॅड असावेत आणि ते कसे वापरायचे, कुठे टाकायचे हे तिला ठाऊक असावं.

फोनवर रडायला लागला तर?

पहिल्या दोन-तीन रात्री घरची आठवण येणारच, आणि ती संध्याकाळी दाटून येते. दिवसभर हुंदडणारं मूल जेवणानंतर फोनवर हमसून रडतं. म्हणून फोन दुपारी ठेवायला सांगा, दोन-तीन दिवसांतून एकदा, दहा मिनिटं.

'नाही आवडलं तर लगेच नेईन' हे वचन निघताना देऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ च्या अहवालात नेमकं हेच बजावलं आहे. अशा वचनाने मूल रमायच्या ऐवजी सुटकेचे तास मोजू लागतं, शिवाय त्याला ऐकू येतं की आई-बाबांनाच माझा भरवसा नाही. 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं' हेही बोलू नका. खरं असलं तरी परत आल्यावर सांगा.

मग आणायला कधी जायचं?

पहिल्या तीन दिवसांतल्या रडण्यावरून जाऊ नका. चौथ्या-पाचव्या दिवशीही जेवण-झोप सुरळीत नसेल तर वॉर्डनशी सविस्तर बोला आणि बहुधा घेऊन या. ताप उतरत नसेल, मार लागला असेल तर त्याच दिवशी निघा. मारहाण, चिडवाचिडवी वा अंगचटीला येण्याबद्दल मूल अर्धं वाक्य जरी बोललं, तरी शहानिशा तिथे पोचल्यावर करा. आधी मुलाला ताब्यात घ्या.

दहावी झाली, निकाल यायचाय. या सुट्टीत पाठवू का?

पाठवा, पण तारखा ताडून. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहेत. नोंदणी, पसंतीक्रम, ओटीपी यांसाठी मूल फोनवर हाताशी लागतं. पसंतीची महाविद्यालयं निघण्यापूर्वीच बसून ठरवा, पासवर्ड घरी ठेवा आणि नोंदणीत तुमचाच मोबाइल क्रमांक द्या. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे तिथल्या मुलांना जूनच्या मध्यापर्यंतची शिबिरंही जमतात.

आम्ही अमेरिकेत असतो. मुलीला महाराष्ट्रातल्या शिबिराला आणावं का?

तिकडे सुट्टी लागते मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, तेव्हा इथल्या शाळा उघडत असतात आणि शिबिरं आटोपलेली असतात. शिवाय विषय, भाषा, हवा आणि जेवण हे सगळं एकदम नवं पडतं. विषयासाठी तिकडचंच शिबिर बरं. मराठीसाठी आणायचं असेल तर महिनाभर चुलत-मावस भावंडांत सोडा.

तो 'नाही' म्हणतोय. आग्रह करावा का?

'नाही'चं कारण शोधा. मित्र सुटतील, क्रिकेटचे सामने बुडतील, ओळखीचं कोणी नाही, ही कारणं बोलून सुटतात. एक मित्र बरोबर असला की पुष्कळ भागतं, फक्त दोघांना वेगळ्या खोल्या मागा, नाहीतर ते तिसऱ्याशी बोलत नाहीत. विषयच नको असेल तर थांबा.

अधला मार्ग दिवसाच्या शिबिरांचा आहे. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र उन्हाळ्यात मुलांसाठी उपक्रम घेतं, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा शाळकरी मुलांचा उन्हाळी कार्यक्रम आहे. मूल संध्याकाळी घरी येतं. असं एक शिबिर झालं की पुढच्या वर्षीचा फॉर्म कित्येकदा मूलच आणून देतं. नाही आणलं, तरी एक उन्हाळा आंबे खाण्यात गेला, एवढंच.